'बिग टेन'मध्ये अठरा कसे, आणि कॉन्फरन्स म्हणजे परिषद का नव्हे

प्रश्न सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकांचा आहे. त्यांचा भाचा अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकतो. 'आमचं कॉलेज बिग टेन कॉन्फरन्समधलं' असं तो अभिमानानं सांगतो. बाईंनी सोसायटीच्या वार्षिक अंकात त्याच्याविषयी लिहिताना 'दहा मोठ्या विद्यापीठांच्या परिषदेचे सदस्य' असं मराठी केलं. भाच्यानं फोनवर सांगितलं, 'मावशी, दहा नाहीत, अठरा आहेत.' आता बाई विचारतात: चूक माझी की त्यांची? आणि कॉन्फरन्सला परिषदच म्हणायचं ना?

बाई, भाचा बरोबर आहे. 'बिग टेन' हे आपसात खेळणाऱ्या अमेरिकी विद्यापीठांच्या एका समूहाचं विशेषनाम आहे, त्याचं भाषांतर करायचं नाही. सातारा लिहिताना आपण 'सात तारे' करत नाही. आणि परिषद तर नकोच. गेली काही वर्षं हा शब्द मी फार सोसतो आहे. 'अमुक संघाने परिषद जिंकली', 'तमुक विद्यापीठ परिषद सोडणार' अशी वाक्यं खेळाच्या पानांवर आणि उपशीर्षकांत राजरोस येतात. परिषद कशी जिंकतात? परिषद भरते, गाजते, उधळली जाते. वाक्य मराठीत उच्चारून पाहिलं असतं, तर लिहिणाऱ्याच्या कानाला ते लगेच टोचलं असतं.

परिषद या शब्दात 'सद्' हा बसण्याचा धातू आहे. परि म्हणजे सभोवती, आणि परिषद म्हणजे सभोवती बसलेली मंडळी. इंग्रजी 'सेशन' त्याच घराण्यातलं, तेही बसणंच. कॉन्फरन्समध्ये बसण्याचा अंशही नाही. लॅटिन 'कॉन' म्हणजे एकत्र आणि 'फेर्रे' म्हणजे वाहून आणणे. आणि हे 'फेर्रे' कोण, तर आपल्या 'भृ' धातूचं सख्खं भावंड! संस्कृतात भ असतो तिथे लॅटिनमध्ये फ आणि इंग्रजीत ब येतो, हा ठरलेला हिशेब आहे. भ्राता, फ्राटेर, ब्रदर. तसंच भरति, फेर्ट, बेअर. भार, भारा, भृत्य, भर्ता ही 'भृ'ची लेकरं आणि ट्रान्स्फर, रेफर, ऑफर ही 'फेर्रे'ची. (कॉन आणि आपला 'सम्' अर्थानं एकच असले तरी मुळानं वेगळे आहेत, ते एक नाहीत. पण अर्थाची जोडणी हुबेहूब तशीच हवी असेल तर संस्कृतातला 'संभार' पाहा: गोळा करून आणलेलं साहित्य.)

आता मला ज्यासाठी हे उत्तर लिहावंसं वाटलं तो मुद्दा. या 'भृ'वरून मराठीत आलं 'भरणे'. आणि मराठीत काय काय भरतं? बाजार भरतो, जत्रा भरते, शाळा भरते, सभा भरते, कोर्ट भरतं. शेजारच्या हिंदीत बाजार 'लगता है'. आपल्याकडे भरतो. का?

सगळे सांगतात की माणसांनी जागा भरून जाते म्हणून. मागे एका व्याख्यानात एका नामवंत भाषाभ्यासकांनीही हेच सांगितलं आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या. मला हे मुळीच पटत नाही. शाळा अकराला भरते ती घंटा झाली म्हणून. त्या दिवशी पावसामुळे वर्गात पाचच पोरं आली तरी शाळा भरलीच. जत्रेला यंदा माणूस फिरकलं नाही, तरी जत्रा भरली असंच म्हणतो, 'पण गर्दी नव्हती' हे वेगळं जोडतो. उलट नाट्यगृह 'भरलं' म्हणताना खुर्च्या खरोखर भरलेल्या लागतात, अर्ध्या रिकाम्या असल्या तर ते वाक्य खोटं ठरतं. म्हणजे मराठीत दोन 'भरणे' आहेत. एक ओतप्रोत होण्याचं आणि दुसरं जमून येण्याचं. या दुसऱ्यात 'भृ'चा जुना, वाहून आणण्याचा अर्थ अजून जिवंत आहे असं माझं ठाम मत आहे. बाजार भरतो, कारण लोक डोक्यावर पाटी घेऊन, बैलगाडीत पोती घालून माल आणतात. भार आणला की बाजार भरला. धातू संस्कृतातच दोन्ही अर्थ बाळगून होता, वाहणे आणि भरणे. तेव्हा माझं म्हणणं व्याकरणाला धरून आहे. ज्यांना जागा भरण्याचाच अर्थ हवा असेल त्यांनी पाच पोरांच्या शाळेचं उत्तर द्यावं. त्या व्याख्यात्यांना मी तिथेच विचारलं होतं, त्यांनी हसून विषय बदलला.

म्हणजे 'कॉन्फरन्स भरली' या वाक्यात, बाई, एकच धातू दोन वेषांत दोनदा आला आहे. मला हे कळलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

तर मग खेळाच्या गटाला कॉन्फरन्स का म्हणू लागले? कारण आधी खरोखरच बैठक झाली. ११ जानेवारी १८९५ रोजी शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात मध्यपश्चिमेकडच्या सात विद्यापीठांचे अध्यक्ष जमले. बोलावणारे होते तुमच्या भाच्याच्याच पर्ड्यूचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट. फुटबॉलनं (म्हणजे अमेरिकी फुटबॉलनं, आपल्याकडच्या नव्हे) तेव्हा ताळतंत्र सोडलं होतं. ज्यांचा अभ्यासाशी संबंध नाही असे गडी विद्यापीठाचा सदरा घालून उतरत. ठरलं असं की, जो खराखुरा, पूर्णवेळ विद्यार्थी आहे आणि अभ्यासात मागे नाही त्यानंच खेळावं. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८९६ मध्ये, प्राध्यापकांच्या प्रतिनिधींनी रीतसर संस्था उभी केली, आणि तिचं नाव होतं 'प्राध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन कॉन्फरन्स'. सात सदस्य: शिकागो, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, पर्ड्यू, विस्कॉन्सिन. बैठक संपली, प्राध्यापक घरी गेले, पण नाव बैठकीचंच राहिलं आणि विद्यापीठांच्या समूहाला चिकटलं. इंग्रजीत हे नवं नव्हतं. जॉन वेस्ली या ख्रिस्ती धर्मोपदेशकानं १७४४ मध्ये लंडनला आपल्या प्रवचनकारांची कॉन्फरन्स भरवली, आणि पुढे मेथडिस्ट पंथात ती संस्थाच 'कॉन्फरन्स' म्हणून ओळखली जाऊ लागली.

आपल्याकडे या वस्तूला शब्द नाही, कारण वस्तूच नाही. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे विभाग असतात आणि विद्यापीठाचा विभाग नकाशा ठरवतो. मुंबई विद्यापीठाला उद्या वाटलं म्हणून ते दक्षिण विभागात जाऊ शकत नाही. अमेरिकेत विद्यापीठ स्वतः सोबती निवडतं, रुसतं, बाहेर पडतं, दुसरीकडे जातं. हल्ली या जाण्यामागे बहुतेक वेळा टीव्हीचा पैसा असतो.

आकड्याचं आता उरकतो. १८९९ मध्ये इंडियाना आणि आयोवा आले, नऊ झाले. १९०८ मध्ये मिशिगन बाहेर होतं. १९१२ मध्ये ओहायो स्टेट आलं. १९१७ मध्ये मिशिगन परतलं तेव्हा दहा भरले (पाहा, इथेही भरलेच!) आणि बातमीदारांनी 'बिग टेन' म्हणायला सुरुवात केली. संस्थेनं हे नाव अधिकृतपणे घेतलं ते थेट १९८७ मध्ये, तोवर ते लोकांच्या तोंडचं टोपणनाव होतं. मधे शिकागोनं १९३९ मध्ये फुटबॉलच बंद केला आणि १९४६ मध्ये ते बाहेर पडलं. त्याच्या जागी मिशिगन स्टेट आलं. १९९० मध्ये पेन स्टेट आल्यावर अकरा झाले. नाव बदलायचं नव्हतं, म्हणून बोधचिन्हात अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत ११ चा आकडा लपवला! २०११ मध्ये नेब्रास्का, २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स, २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरची चार: दक्षिण कॅलिफोर्निया, यूसीएलए (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ), ओरेगॉन आणि वॉशिंग्टन. झाले अठरा. आणि २०१२ साली तर 'बिग टेन'मध्ये बारा आणि 'बिग ट्वेल्व्ह' नावाच्या वेगळ्या कॉन्फरन्समध्ये दहा विद्यापीठं होती.

या निमित्तानं 'आयव्ही लीग' या दुसऱ्या नामवंत कॉन्फरन्सविषयीची थापही निकालात काढू. आयव्ही म्हणजे रोमन चार, आय आणि व्ही, मुळात चार कॉलेजांची ही लीग, अशी गोष्ट शिकलेसवरलेले लोक छातीठोकपणे सांगतात. ती खोटी आहे. आयव्ही म्हणजे जुन्या इमारतींच्या भिंतींवर चढणारी वेल. स्टॅन्ली वुडवर्ड या न्यू यॉर्कच्या क्रीडा-पत्रकारानं १९३३ मध्ये 'आयव्ही कॉलेजेस' असं लिहिलं आणि तिथून शब्द पसरला. १९४५ चा पहिला करार फक्त फुटबॉलपुरता होता, १९५४ मध्ये तो सगळ्या खेळांना लागू झाला, आणि दोन्ही वेळा कॉलेजं आठच: ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, प्रिन्स्टन, येल. चार कुठून आणता? आणि 'आयव्ही लीगमधील स्टॅनफर्ड' असं ज्यांनी छापलं त्यांना कळावं म्हणून सांगतो, स्टॅनफर्ड पॅसिफिकच्या बाजूला असून २०२४ पासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतं. आयव्हीशी त्याचा कधीच संबंध नव्हता.

आकडा बदलला की नाव बदलायचं, हा प्रामाणिकपणा आपल्या मुंबईनं करून पाहिला आहे. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे क्रिकेटचे सामने होत. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि ते तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला, चौरंगी. १९३७ मध्ये 'इतर' हा संघ आला, पंचरंगी. (बाई, तुमच्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे या 'इतर' संघाकडून हिंदूंविरुद्ध एका डावात ३०९ धावा करून गेले होते, संघाची धावसंख्या ३८७ असताना!) अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्सनंही असंच केलं. १९६८ मध्ये पॅक-८, १९७८ मध्ये पॅक-१०, २०११ मध्ये पॅक-१२. पण २०२४ मध्ये दहा विद्यापीठं निघून गेली, ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट अशी दोनच उरली, तेव्हा मात्र त्यांनी पॅक-२ केलं नाही.

करूही नये. संख्यावाचक शब्द नावात गेला की थोड्याच काळात तो मोजणं सोडून देतो, आणि याचा सगळ्यात सुंदर दाखला मराठीत खेळाच्याच मैदानावर उभा आहे: पंच. पंच म्हणजे पाच. गावचा निवाडा पाचांनी करायचा, पाचामुखी परमेश्वर, म्हणून ते पंच आणि त्यांची पंचायत. आज महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात. पोलिसांच्या पंचनाम्याला कायद्यानं दोन पंच पुरतात. क्रिकेटमध्ये एकटा माणूस बोट वर करतो आणि आपण म्हणतो, 'पंचांनी बाद दिलं.' त्याचंही समाधान झालं नाही तर 'तिसरे पंच'! शब्दशः अर्थ लावला तर तिसरे पाच. कुणाला खटकत नाही, कारण आकडा विरघळून फक्त निवाड्याचा अधिकार उरला आहे. त्या पाचांपुढे उभं राहायची वेळ यावी ही अडचण, म्हणून 'माझी पंचाईत झाली', असं मी मानतो. तेव्हा अठरांच्या 'बिग टेन'ला हसणाऱ्या मराठी माणसानं आधी पंचांची बोटं मोजावीत.

राहिला प्रतिशब्द. संघ चालणार नाही, कारण तो 'टीम'ला दिला आहे आणि 'संघातल्या संघाने' असला घोळ होईल. मंडळ म्हटलं की क्रिकेट नियामक मंडळ आठवतं. गट हा एका स्पर्धेपुरता असतो, सोडत निघाली की बनतो आणि फेरी संपली की मोडतो, तर बिग टेन सव्वाशे वर्षं टिकून आहे. म्हणून कॉन्फरन्सच लिहा, देवनागरीत, बिनदिक्कत. 'परकी शब्द कशाला' म्हणून नाक मुरडणाऱ्या शुद्धिवाद्यांनी तुमच्या शेजारच्या कोल्हापूरला जाऊन यावं. तिथे फुटबॉल खेळतात कोण? पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. तालीम हा अरबी शब्द, मूळ अर्थ शिकवणे. शिकवण्याची क्रिया झाली कुस्ती शिकण्याची जागा, जागेची झाली पेठेतली मंडळी, आणि मंडळींचा झाला फुटबॉलचा संघ. कुस्ती न खेळणाराही 'मी अमक्या तालमीचा' म्हणून सांगतो, अगदी तुमचा भाचा 'आमचं कॉलेज बिग टेनमधलं' म्हणतो तसाच.