नोकरी सांभाळून रोज तैलरंगात काम करता येतं का? प्रयोग कधी करायचे? पावसाळ्यात रंग वाळत नाहीत, त्यापेक्षा पाण्यात कालवायचे, चटकन वाळणारे अ‍ॅक्रेलिक रंग बरे का?

येतं. मी २००६ पासून करते आहे. सकाळी ६ ते सव्वासात, कर्वेनगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत, ६ बाय ८ इंचाच्या बोर्डावर एक चित्र, मग डबा भरून ऑफिस. रोज म्हणजे आठवड्यातले पाच दिवस धरा. मार्चअखेरीला आणि गणपतीत तेही होत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "रोज वांगी-टोमॅटो काढून हात बसेल, पण त्यात प्रयोग कुठे आला?" हेच वाक्य मी तोंडावर ऐकलेलं आहे. त्या वाक्यापायी एक चित्र गेलं, १८ हजार रुपये गेले आणि एका नात्यात अवघडलेपण आलं ते आलंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२००८ साली बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात आम्ही चौघी मैत्रिणींनी मिळून प्रदर्शन केलं होतं. माझी २२ छोटी चित्रं होती. मंडईतून आणलेली भाजी, आईचा पितळी तांब्या, दाराशी निथळत ठेवलेली छत्री, असे विषय. कॉलेजात आम्हाला शिकवायला असलेले एक सर आले. हात मागे बांधून त्यांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण हे सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावरचं आहे. प्रयोग कुठे आहे? काहीतरी मोठं कर." बरोबरचे दोघे-तिघे माना हलवत होते. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते चूक होते, हे मी आज ठामपणे म्हणते.

तेव्हा मात्र मी ऐकलं. ३० बाय ३६ इंचाचा कॅनव्हास ताणला आणि ऐन जुलैत कामाला लागले. तळाला आयव्हरी ब्लॅक. हा काळा मुळातच फार सावकाश वाळतो. त्यात मी जवसाचं तेल सढळ हाताने ओतलं, कारण मला तो काळा भिजलेल्या कातळासारखा चकचकीत हवा होता. आठव्या दिवशी बोट लावून पाहिलं, रंग बोटाला आला नाही. वाळला असं समजून वर अंबर (मातकट तपकिरी) आणि पांढरा यांचं मिश्रण भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दिलं आणि जुन्या प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं. वरचा थर दोन दिवसांत खडखडीत वाळला. चित्र दिसायला सुंदर होतं, हे मी आजही नाकारत नाही. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "आता झालीस चित्रकार." नाशिकच्या आतेबहिणीने ते हौसेने विकत घेतलं. मी नको म्हणत असताना पूर्ण १८ हजार दिले.

तिसऱ्या वर्षी तिचा फोन आला. "अगं, ते चित्र तडकलंय बघ. मोलकरणीने धक्का दिला की काय कळत नाही." मी शनिवारी एसटीने नाशिकला गेले. धक्क्याचा काही संबंधच नव्हता. वरच्या तपकिरी थराची बेटं झाली होती आणि बेटांमधल्या फटी तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंद. फटीतून खालचा काळा चमकत होता. मी नखाने हलकेच दाबून पाहिलं. तीन वर्षांनंतरही तो दबला, नखाची खूण उमटली. दुधावर साय धरलेली असताना भांडं हललं की साय जशी मधूनच फाटते, नेमकं तसं झालं होतं. वर साय, खाली अजून दूध.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट जाळं बनतं. त्याला महिने लागतात, जाड थराला वर्षंही. बोटाला रंग लागत नाही याचा अर्थ फक्त वरची साय धरली. खाली तेलकट, सावकाश वाळणारा थर आणि वर कोरडा, चटकन वाळणारा थर अशी उलटी रचना केली, तर खालचा हलत राहतो आणि वरचा फाटतो. आधी कमी तेल, मग जास्त तेल, हा नियम मला पहिल्या वर्षाला शिकवला होता, परीक्षेत मी तो लिहिलाही होता. पण प्रयोग म्हणजे नियम मोडणं असं कुणीतरी मनावर बिंबवलं, की शिकलेलंही विसरतं माणूस.

पैसे मी दोन हप्त्यांत परत केले. बहीण घेत नव्हती, तरी दिले. चित्र जुन्या चादरीत गुंडाळून, एसटीच्या मागच्या सीटवर गुडघ्यांमध्ये उभं धरून परत आणलं. ते अजून घरात आहे, भिंतीकडे तोंड करून.

त्यानंतर एका रविवारी मी औंधला गेले. आपलं पुण्याचं औंध नव्हे, साताऱ्याचं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभं केलेलं भवानी संग्रहालय तिथे आहे आणि त्यात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. छापील चित्रांत कधी न कळणारी गोष्ट मी बघत बसले : रंग कुठे पातळ आहे आणि कुठे जाड. समोरून नाही, बाजूला उभं राहून, तिरक्या उजेडात. तुम्हीही एकदा जा आणि असंच बघा. रविवर्म्याला तैलरंग फारसे कुणी हात धरून शिकवले नव्हते. त्रावणकोरच्या दरबारात १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा चित्रकार आला होता, त्याने शिकवायला नकार दिला, फक्त काम करताना बघू दिलं. बाकीचं बरंचसं या माणसाने रंग वाया घालवून, चुका करून स्वतः शोधलं. आपल्याकडे तैलरंग हाच मुळात केवढा मोठा प्रयोग होता! आणि त्याच्या चित्रांतल्या बायका साड्या नेसून, वीणा घेऊन बसलेल्या आहेत म्हणून त्यात प्रयोग नाही असं कोण म्हणेल?

सर नेहमी अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांचं नाव घ्यायचे. गायतोंडे मलाही फार मोठे वाटतात. पण त्यांचा रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग लावायची बोथट सुरी) सगळ्यांना दिसतो, दोन थरांमधलं थांबणं कुणाला दिसत नाही. तो माणूस वर्षाला मोजकीच चित्रं पुरी करायचा. घाईने मोठा कॅनव्हास भरून टाकण्याशी त्यांचं नाव जोडणं मला पटत नाही.

माझं म्हणणं असं, की तैलरंगातला प्रयोग चित्राच्या पाठीवर असतो. नाशिकहून आल्यापासून प्रत्येक बोर्डाच्या मागे मी पेन्सिलने लिहिते : तारीख, बोर्डाला काय लावलं होतं, कुठलं तेल, किती, कुठला पांढरा, वाळायला किती दिवस लागले. पुढच्या बाजूला वांगंच असतं. वांगं तेच ठेवल्याशिवाय तेल बदललं की काय बदलतं ते कळणार कसं? सरांना तीच ती वांगी दिसली. मला त्या वांग्याच्या जांभळ्यावरच्या एका चमकेत सहा तेलांमधला फरक दिसतो.

एक प्रयोग नीट सांगते, कारण तो आपल्या उन्हातच होतो. मार्चमध्ये लाकडी घाण्याचं पाव लिटर जवसाचं तेल आणायचं. बाटलीत निम्मं तेल, निम्मं पाणी घालून खूप हलवायचं आणि ठेवून द्यायचं. तेल आणि पाणी वेगळं झालं की मध्ये पांढरट, बुळबुळीत थर साचतो, तो पाण्याबरोबर काढून टाकायचा. आठवडाभर रोज हे करायचं. मग ते तेल काचेच्या पसरट भांड्यात बोटाच्या एका पेराहून कमी उंचीचं ओतायचं, वर काच ठेवायची, पण काचेखाली काड्यापेटीच्या काड्या, म्हणजे धूळ जात नाही आणि हवा खेळते. गच्चीवर शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत असतात, त्यांच्या बाजूला माझं भांडं. रोज एकदा ढवळायचं, नाहीतर साय धरते. एप्रिलच्या उन्हात तीन आठवड्यांत तेल काकवीसारखं दाट होतं, रंग मात्र उडून फिकट होतो. या तेलातला रंग ब्रशचे ओरखडे स्वतःच मिटवतो, चमकतो आणि साध्या तेलापेक्षा लवकर वाळतो. पहिल्यांदा हे तेल घालून तांब्याची कड काढली, तेव्हा ब्रश उचलल्यावर रेघ आपोआप सपाट होताना पाहिली. त्या दिवशी मी ऑफिसला अर्धा तास उशिरा पोचले.

पांढऱ्याचा प्रयोग २०१३ पासून चालू आहे. एका बोर्डावर टायटॅनियमचा पांढरा, एकावर झिंकचा, दोन्हीचे जाड थर. झिंकच्या थरावर आता केसासारखे तडे आहेत. तेलातला झिंक वर्षांनी ठिसूळ होतो, आणि नाव काहीही असलं तरी कित्येक पांढऱ्या ट्यूबमध्ये तो मिसळलेला असतो. ट्यूबवर बारीक अक्षरात पीडब्ल्यू ४ लिहिलेलं असेल तर झिंक आहे, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम. हे वाचल्याशिवाय मी आता ट्यूब घेत नाही.

बाकीचे पटकन सांगते. महिनाभर चारच रंग घ्या : पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियनसारखा लाल आणि काळा. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न एवढ्यावर माणसाची कातडी रंगवायचा. त्यात काळा आणि पांढरा मिळून निळा भासायला लागतो, ते डोळ्यांनी पाहिलं की विश्वास बसतो. रंग फार जाड झाला तर कालचा पेपर त्यावर अंथरून तळव्याने दाबा आणि उचला, जादाचा रंग आणि तेल निघून येतं. लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये हेन्री टाँक्स हे शिकवायचे. आणि एक आठवडा ब्रश कपाटात ठेवून नुसत्या नाइफने काम करा.

पावसाळ्याबद्दल. दमट हवेत रंग रेंगाळणारच. जून ते सप्टेंबर मी तळाचं काम बर्न्ट अंबरमध्ये, तेल न घालता करते. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो जुलैतही लवकर वाळतो. काळा, अलिझरिन (गडद लाल) आणि कॅडमियमचे लाल-पिवळे सावकाश वाळतात, म्हणून ते शेवटच्या थरात. चित्र वाळायला कपाटात किंवा पलंगाखाली ठेवू नका. अंधारात तेल पिवळं पडतं आणि मागून बुरशी येते ती वेगळीच. पिवळं पडलंच तर खिडकीशी ठेवा, बरंचसं परत उजळतं. उरलेले रंग टाकून देऊ नका. मी काचेचं पॅलेट जुन्या परातीत पाण्याखाली बुडवून ठेवते. हवा लागत नाही, म्हणून दोन-तीन दिवस रंग ओले राहतात.

वासाचा त्रास टर्पेंटाइनचा असतो, तेलाचा नाही. माझ्याकडे टर्पेंटाइन महिन्याला लहान अर्धी बाटलीही लागत नाही. ब्रश आधी कापडाला पुसायचे, मग थोड्या जवसाच्या तेलात, मग धुण्याच्या साबणाच्या वडीवर घासायचे. पण घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर एवढंसुद्धा गॅलरीतच करा. आणि रंग लागलेल्या हाताने डब्याला हात लावू नका.

हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं : तेल पुसलेल्या कापडांचे बोळे कधीही चुरगळून ढिगात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती अडकून राहते. एका मे महिन्यात माझ्या गॅलरीतल्या बादलीतून करपल्याचा वास आला. आत हात घातला तर मधलं कापड इस्त्रीखालून काढल्यासारखं गरम होतं. अजून तासभर गेला असता तर पेटलंच असतं. कापडं दोरीवर सुटी वाळत घाला किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात टाका.

घाण्याचं तेल विकायच्या चित्रात लगेच वापरू नका. माझे त्या तेलातले बोर्ड सात-आठ वर्षं भिंतीवर टिकले, मग मी ते दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या चित्रात घातलं.

अ‍ॅक्रेलिकचं राहिलंच. नुसतं वाळत नाही म्हणून तिकडे जाऊ नका. तळाचं काम अ‍ॅक्रेलिकमध्ये पातळ करून, पुरतं वाळवून, वर तैलरंग चढवता येतात. पावसाळ्यात घाई असेल तर मीही तसं करते. तैलरंगावर अ‍ॅक्रेलिक मात्र कधीच नाही, ते धरत नाही, सुटून येतं.