सासूबाई टेबलावरून उठल्या त्याची गोष्ट

सलाम ताई,

पत्र मिळालं. चार प्रश्न विचारलेत, त्यातले तीन मी शेवटी दोन-दोन ओळीत उरकणार आहे, रागावू नका, पण पहिला प्रश्नच असा आहे की त्यावर मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याचं डोकं खातेय. आमच्या घरात मी ‘प्रेषितांची कृत्ये पंधरा’ (बायबलमधल्या त्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय) एवढं म्हटलं की मुलं खोलीतून उठून जातात. तुम्हाला मात्र जाता येणार नाही, तुम्हीच विचारलंय.

तुमचंच परत वाचून दाखवते. तुम्ही लिहिता, “मुलाच्या होणाऱ्या सासरी नाश्त्याला बोलावलं होतं. काळी सॉसेजेस होती, मुलीच्या आईने कौतुकाने सांगितलं की यात रक्त असतं, आमच्याकडे आजोबांपासून करतात. सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला, ‘जीव रक्तात असतो’ म्हणाल्या आणि जाऊन गाडीत बसल्या. ह्यांची तोवर दोन खाऊन झाली होती. मी माझं पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकलं. पाप कुणाला लागलं?”

आधी पर्सचं बोलू. अहो ताई, सून आणायला निघालात तुम्ही आणि सॉसेज लपवताय! ‘मला नको, थँक्यू’ एवढं म्हणायचं असतं. आपलं सगळ्यांचंच हे आहे, इकडे परदेशात येऊन वीस वर्षं झाली तरी दुसऱ्याच्या टेबलावर नको म्हणायला जीभ रेटत नाही, मग एकतर सासूबाईंसारखं तडकाफडकी उठायचं नाहीतर तुमच्यासारखं लपवायचं, मधलं काही आपल्याला येतच नाही.

आता सासूबाई. त्या चुकीचं बोलल्या नाहीत, हे तुम्ही आणि विशेषतः तुमच्या ह्यांनी आधी मान्य करा. ह्यांचं म्हणणं काय, तर “ते सगळं यहुद्यांसाठी होतं, आपल्याला लागू नाही.” मग बायबलातलं उत्पत्ती 9 उघडा म्हणावं. जलप्रलय ओसरल्यावर देवाने नोहाला सगळे प्राणी खायला दिले आणि लगेच पुढच्या वचनात अट घातली की मांस त्याच्या जिवासकट म्हणजे रक्तासकट खायचं नाही. तेव्हा मोशे जन्मायचा होता, यहुदी कुणी नव्हतेच, त्यामुळे हा नियम सगळ्या माणसांसाठी आहे असं म्हणणाऱ्यांचा पाया कच्चा नाही. पुढे मोशेच्या नियमांच्या पुस्तकात, लेवीय 17 मध्ये, कारणही दिलंय, देहाचा जीव रक्तात असतो आणि ते वेदीवर प्रायश्चित्तासाठी दिलेलं आहे. शिकार केली तरी रक्त जमिनीवर ओतायचं आणि मातीने झाकायचं. इस्राएलच्या शौल राजाच्या भुकेल्या सैनिकांनी लुटीतली जनावरं तिथल्या तिथे मारून रक्तासकट खायला सुरुवात केली तेव्हा त्याने मोठा धोंडा लोटून आणायला लावला आणि इथे आणून नीट कापा म्हणाला. म्हणजे भूक लागली होती ही सबब तेव्हाही चालली नाही.

आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हे भलतंच मनावर घेतलेलं होतं. इ.स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात त्यांचा छळ झाला, ख्रिस्ती लोक लहान मुलं खातात असा आळ होता, तेव्हा बिब्लिस नावाची बाई छळ सोसता सोसता म्हणाली की ज्यांना जनावराचं रक्तसुद्धा खायची परवानगी नाही ते मुलं कशी खातील. त्यानंतर वीसेक वर्षांनी उत्तर आफ्रिकेत तर्तुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक लिहितो की ख्रिस्ती माणसाची परीक्षा घ्यायला लोक त्याच्यापुढे रक्त भरलेली सॉसेजेस ठेवत, कारण हा खाणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असे. ताई, तुमच्या सासूबाई त्या परीक्षेत पहिल्या आल्या असत्या आणि तुमचे हे नापास.

मग आज बहुतेक ख्रिस्ती खातात ते कसे? इथे माझं घोडं सुटतं, धरा.

भांडण असं होतं की परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेला, माणूस ख्रिस्ती झाला तर त्याने सुंता करायची का, मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळायचं का. यरुशलेमेत बैठक बसली, इ.स. 49-50 च्या सुमारास, पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, शेवटी यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब उठला. सुंतेचं ओझं नको म्हणाला, फक्त चार गोष्टी टाळा असं लिहून कळवू: मूर्तींना वाहिलेलं, जारकर्म, गळा दाबून मारलेलं जनावर आणि रक्त. हे झालं कृत्ये पंधरामधलं 20वं वचन. आणि सगळे इथेच थांबतात! बायबल स्टडीत थांबतात, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करताना थांबतात, उपदेशातसुद्धा थांबलेले मी पाहिलेत. 21वं वाचा हो. 21व्यात याकोब ‘कारण’ म्हणून पुढे सांगतो की मोशेचं शास्त्र जुन्या काळापासून गावोगावच्या सभास्थानांत दर शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, वाचलं जातंय. म्हणजे तुमच्या गावात, तुमच्या मंडळीत, तुमच्या शेजारी लहानपणापासून हे ऐकलेली माणसं बसलीयेत आणि तुम्हाला त्यांच्याबरोबर भाकर मोडायचीय. त्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही असं काही करू नका. पुष्कळ अभ्यासक याचा अर्थ असाच लावतात आणि मला तर दुसरा पटतच नाही, ते पत्र पंगतीसाठी लिहिलंय.

पंगत हा त्यांच्यासाठी केवढा नाजूक विषय होता ते पौलाच्या पत्रात, गलतीकरांस 2 मध्ये दिसतं. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर मजेत जेवत होता, याकोबाकडची माणसं आली आणि हा घाबरून त्या पंगतीतून अंग काढून घेऊ लागला. पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. म्हणजे टेबलावरून उठणं हा तुमच्या घरचा शोध नाही, साक्षात पेत्राने करून ठेवलंय.

आणि अजून एक, हे सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. त्या चार गोष्टी आल्या कुठून? लेवीय 17 आणि 18 ओळीने वाचा. परक्या देवांना बळी, रक्त, मेलेलं किंवा फाडलेलं जनावर, मग व्यभिचार वगैरे, आणि त्यात परत परत एक शब्द येतो, ‘तुमच्यामध्ये राहणारा उपरी’. म्हणजे इस्राएलात बाहेरून येऊन राहिलेल्या माणसानेही काय पाळायचं त्याची ती यादी आहे, याकोबाने बहुधा तीच उचलली. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा इकडे येऊन मला सात-आठ वर्षं झाली होती, आणि मी पुस्तक मिटून नुसती बसले. उपरी म्हणजे आपणच की. दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांच्या टेबलावर.

त्याच्या आधीचा माझा पराक्रमही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही जन्मापासून शहाणी. मंडळीच्या जेवणात एका बाईने असंच रक्त घातलेलं काहीतरी करून आणलं होतं, तिच्या माहेरची खासियत, आणि मी सगळ्यांसमोर लेवीय सतरा तोंडपाठ म्हणून दाखवलं. वचन एकही चुकलं नाही. ती बाई भांडं उचलून घरी गेली आणि परत कधी मंडळीच्या जेवणाला आली नाही. आमचे हे गाडीत एवढंच म्हणाले, “पाठांतर छान आहे तुझं.” अजून बोचतं.

यरुशलेमेच्या त्या पत्रावर पुढे मंडळ्यांचं एकमत राहिलं नाही. त्याच उत्तर आफ्रिकेत 400 च्या सुमारास बिशप ऑगस्टीन लिहितो की यहुदी आणि परराष्ट्रीय यांना एकत्र आणायचं काम होऊन गेलं, आता गळा मोडून मारलेला ससा खायला कुणी बिचकला तर लोक हसतात. पूर्वेकडे मात्र 692 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने रक्ताचं खाणं सरळ बंद केलं, पाळकाला पदावरून काढायचं आणि साध्या माणसाला मंडळीबाहेर. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या नियमांत ते आजही आहे, कुठे कडक पाळतात कुठे नाही. रोमन कॅथलिकांनी 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत सांगून टाकलं की कारण संपलं तसा नियमही संपला. प्रोटेस्टंटांपैकी बहुतेक जण पौलाकडे बोट दाखवतात, बाजारात विकतं ते विवेकाला प्रश्न न विचारता खा, किंवा मार्क 7 कडे, जिथे सगळं अन्न शुद्ध ठरवलं असं लिहिलंय. आणि जे लेवीय 17 मधल्या प्रायश्चित्तावर भर देतात ते म्हणतात की ख्रिस्ताच्या रक्ताने ते काम एकदाच पूर्ण केलं, आता जनावराच्या रक्ताला ते स्थान उरलं नाही. पण प्रोटेस्टंटांतही न खाणारे होते आणि आहेत. आयझॅक न्यूटन, तोच सफरचंदवाला, रक्ताची बंदी नोहापासूनची आहे असं मानायचा. (काही जुन्या पाश्चात्त्य प्रतींत ‘गळा दाबून मारलेलं’ हे शब्दच नाहीत, म्हणून काही जण तिथल्या ‘रक्त’चा अर्थ खून असा लावतात, पण त्यात शिरले तर हे पत्र संपायचं नाही.)

तर पाप कुणाला लागलं? माझं मत विचाराल तर खाण्यावरून कुणालाच नाही. मी स्वतः खात नाही, सवय नाही आणि मनाला पटत नाही, पण खाणाऱ्याला पापी म्हणत नाही. रोमकरांस 14 वाचा, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. तुमच्या घरात दोन्ही झालं. तुमचे हे घरी येऊन “आईचं आपलं काहीतरीच” म्हणून हसले असं तुम्हीच लिहिलंय, आणि सासूबाई त्या माणसांना दोष लावून उठल्या. मला राग ह्यांचा जास्त आला, खरं सांगू का, कारण ज्याला मोकळीक आहे त्याने थोडं सांभाळायचं असतं.

आमची धाकटी सून इथिओपियन ऑर्थोडॉक्स घरातली आहे. त्यांच्यात रक्त वर्ज्य म्हणजे वर्ज्य. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मुलाने तिला पौल शिकवायला सुरुवात केली, मी त्याला बाजूला घेऊन 21वं वचन वाचायला लावलं. आता ती यायची असली की आमच्या टेबलावर तसलं काही नसतं, ती नसली की मुलगा बाहेर काय खातो ते मी विचारत नाही. दहा वर्षं झाली, एकदाही कुणी उठून गाडीत बसलेलं नाही.

तिच्यावरून तुमच्या स्टेकचं आठवलं. “मग स्टेकमध्ये लाल असतं तेही रक्तच ना?” नाही. ते लाल पाणी म्हणजे स्नायूंतलं मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन आणि पाणी, जनावर कापताना बहुतेक रक्त निघून गेलेलं असतं. आमची सून रक्ताला हात लावत नाही पण कच्चं बीफ आवडीने खाते, त्यांच्याकडे ती मेजवानी, आणि यात तिला कसलाही विरोध दिसत नाही. शास्त्रानेही रक्त ओतून टाका एवढंच म्हटलंय. मांस भिजवून, मीठ लावून, धुऊन घ्यायची पद्धत यहुदी परंपरेतली आहे, ती ख्रिस्ती लोकांवर कुणी घातलेली नाही. सॉसेजचं मात्र तसं नाही, त्यात खरोखरच रक्त घालतात, तेव्हा तिथे सासूबाईंना मायोग्लोबिन शिकवायला जाऊ नका.

आता करायचं काय. लग्नाच्या जेवणाआधी मुलीच्या आईला तुम्ही स्वतः फोन करा, मुलाला करायला लावू नका. त्यांनी आजोबांपासूनचा पदार्थ प्रेमाने वाढला आणि पाहुणी उठून गेली, त्यांना कारणसुद्धा कळलेलं नाही बिचाऱ्यांना. सांगा की आमच्या आई लहानपणापासून रक्त खात नाहीत, त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे, तुमच्या स्वयंपाकाचा दोष नाही, आणि उठून जायला नको होतं. एवढंच. लेवीय वगैरे नको. आणि सासूबाईंना सांगा, पौल करिंथकरांना म्हणतो की जेवायला बोलावलं तर पुढ्यात वाढलेलं न विचारता खा, आणि कुणी हे मूर्तीला वाहिलेलं आहे म्हणून सांगितलंच तर खाऊ नका. इथेही तसंच धरा. त्या बाईने सांगितलं, यांनी खाल्लं नाही, इथवर बरोबर. पण घास खाली ठेवून तिथेच बसून राहायचं, भाकरी खायची, चहा प्यायचा, मुलीच्या आजोबांची चौकशी करायची. त्या जेवणाला प्रार्थना सासूबाईंनाच करायला लावा, मराठीत. उठून जायची सोयच राहणार नाही.

बाकीचे प्रश्न. मुलगा रक्तदान करतो म्हणून सासूबाई चिडतात: रक्त चढवायला ठाम विरोध यहोवाचे साक्षीदार हा पंथ करतो, 1945 पासून, याच वचनांवरून. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट मंडळ्या ते खाणं मानत नाहीत. माझ्या ऑपरेशनच्या वेळी मला दोन पिशव्या चढवल्या म्हणून तुम्हाला हे पत्र येतंय. देऊ दे त्याला. लग्नाची उपासना कुठल्या भाषेत: दोन्ही. मुलगी आजीशी मराठी बोलत नाही: आजीला कामाला लावा, बोलेल.

आणि ती पर्स कापडाची असेल तर अस्तर बाहेर काढून साबणाने धुवा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. चामड्याची असेल तर विसरा, माझी टाकून द्यावी लागली होती.