जे कृष्णाला सांगितलं, ते दुर्योधनाला सांगायचं होतं

(मालवणकडचा एक तरुण तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, लिहितो: बाप जन्मभर खलाशी. "खलाशाचा पोर तांडेल होणार?" असं बंदरावर सगळे म्हणत असताना मालकांनी त्याच्या हाती बोट दिली. २०२१ च्या तौक्ते वादळात घराचे पत्रे उडाले, तेही त्यांनीच घालून दिले. आता मालक बोटीवर जनरेटर आणि एलईडी दिवे चढवणार आहेत. पावसाळी बंदी उठली की १ ऑगस्टपासून रात्री उजेडावर मासे धरायचे. "काकी, हे चुकीचं आहे ते मला कळतं. पण मी कर्ण आहे. खाल्ल्या मिठाक जागाक व्हया. नाहीतर आजारी असल्याचं सांगून घरी बसू का?")

झिला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कर्णाचं नाव तू उगाच घेतलेलं नाहीस. राजकुमारांच्या शस्त्रकौशल्याच्या आखाड्यात कृपाचार्यांनी कुळ विचारलं, कर्णाची मान खाली गेली, आणि त्या क्षणी दुर्योधन उठला. त्याने त्याला अंगदेशाचा राजा केलं. असे उपकार विसरू नयेत. दशावतारात कर्ण उभा राहिला की रात्रभर जागलेल्या बायका डोळ्यांना पदर लावतात. मीही लावला आहे. आपण परशुरामाच्या भूमीतली माणसं, त्यांच्या या शिष्यावर आपला जीव जरा जास्तच.

पण तू त्याची अर्धीच गोष्ट धरून बसला आहेस.

शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेऊन नगराबाहेर जातो. तू कुंतीचा थोरला, राज्य तुझं, असं सांगतो. कर्ण नाही म्हणतो. इथवर सगळ्यांना पाठ असतं. त्याच बोलण्यात तो पुढे काय म्हणतो ते बघ. दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कठोर बोललो, त्याचा मला आज पस्तावा होतो. हे युद्ध म्हणजे दुर्योधनाने मांडलेला यज्ञ आहे आणि त्यात आमची आहुती पडणार आहे. सगळं दिसत होतं त्याला. आणि सांगितलं कुणाला? कृष्णाला. दुर्योधनासमोर त्याने हे असं कधी उघडलं नाही.

भीष्म, द्रोण, विदुर, गांधारी, सगळ्यांनी दुर्योधनाला समजावलं. त्याने ऐकलं नाही, कारण ही मोठी माणसं मनाने पांडवांकडची, असा त्याला संशय. कर्णावर तो संशय कधीच नव्हता. ज्याच्या शब्दाला वजन होतं, तो एकटा कर्ण. आणि ते वजन त्याने कुठे टाकलं? द्यूतसभेत दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण द्रौपदीच्या बाजूने उठला, तर त्याला झिडकारलं कर्णानेच. दरवेळी मी तिथे अडकते. तो त्या दिवशी नुसता गप्प राहिला असता, तरी मला त्याच्यासाठी इतकं वाईट वाटलं नसतं.

आजारी असल्याचं सांगून घरी बसण्याचं म्हणतोस. तेही कर्णाने केलं आहे. भीष्मांनी अर्धरथी, म्हणजे अर्धाच योद्धा, म्हटलं, म्हणून ते पडेपर्यंत दहा दिवस शस्त्र खाली. मानी माणसाला ते शोभलं असेल, पण मित्र त्याच्याविना लढत राहिला. तू घरी बसलास तर दुसरा तांडेल येईल आणि तुझेच खलाशी दिव्यांच्या बोटीवर चढतील. त्यातले दोघे नेपाळी, तू लिहितोस, अजून समुद्राला घाबरतात आणि तुझ्या तोंडाकडे बघून जाळं ओढतात. उजेडावरच्या मासेमारीला केंद्राची २०१७ पासून बंदी आहे. गस्ती नौका आली तर डेकवर मालक नसतील, तुम्ही असाल. आणि उजेडाला मोठ्या मासळीबरोबर बारीक पिल्लंही गोळा होतात, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांना मग काय उरणार? तुझा बापही तरुणपणी रापणीवर होता ना?

म्हणून मालकांकडे जा. बंदरावर चार माणसांत बोलू नकोस, त्यांच्या घरी जा, संध्याकाळी, काकू घरात असताना. आधी पत्र्यांची आठवण काढ, मनापासून. मग म्हण, "तुमची बोट पकडली जावी, तुमचं नाव गावात खराब व्हावं, हे मला बघवणार नाही. जुन्या पद्धतीने जी मासळी मिळेल ती मी जीव तोडून आणीन. दिव्यांवर मी जाणार नाही आणि माझ्या पोरांना नेणार नाही." शेवटचं वाक्य गिळू नकोस.

ते रागावतील. कदाचित बोट काढूनही घेतील. तसं झालं तर पत्र्यांचे पैसे हप्त्याहप्त्याने फेड आणि सणाला त्यांच्या पाया पडायला जात राहा. खलाशाच्या पोराला आज सगळा किनारा तांडेल म्हणून ओळखतो, ते कुणी काढून घेणार नाही.

बोट अजून किनाऱ्यावर शाकारलेली आहे, दिवे चढलेले नाहीत. तुझ्या पत्राचं तिसरं पान, जिथे तू मालकांबद्दलची माया आणि दिव्यांची भीती एकाच दमात लिहिली आहेस, ते मी टपालाने परत पाठवते आहे. ते माझ्यासाठी नव्हतंच. त्यांच्या ओटीवर बसून त्यांना वाचून दाखव.

तुझी,
काकी