‘बोनी एम.’ला वाद्यवृंद म्हणावे काय?

प्रश्न असा आहे : ‘बोनी एम. हा जर्मनीतील नृत्यसंगीताचा प्रसिद्ध वाद्यवृंद होता’ हे वाक्य वाचनात आले. यातील ‘वाद्यवृंद’ हा शब्द योग्य आहे का, आणि नसल्यास बँड, गट, चमू, संच यांपैकी कोणता घ्यावा?

‘वाद्यवृंद’ येथे बसत नाही. वृंद म्हणजे समूह. वाद्यवृंद हा वादकांचा. आकाशवाणीचा वाद्यवृंद म्हटले की सतार, बासरी, व्हायोलिन घेऊन बसलेली मंडळी डोळ्यांपुढे येतात. बोनी एम.ची ओळख ज्या चौघांच्या चेहऱ्यांनी झाली ते वादक म्हणून पुढे आलेच नव्हते. गाणे आणि नाचणे हे त्यांचे काम, आणि त्यातही गाण्याचा वाटा चौघांत सारखा नव्हता.

हे असे का, ते गटाच्या जन्मातच आहे. निर्माते फ्रांक फॅरियन (मूळ नाव फ्रान्त्स रॉइथर) यांनी १९७५च्या सुमारास एक नाचाचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्यातला खर्जातला आवाज त्यांचा आणि वरच्या पट्टीतला कृत्रिम बारीक आवाजही त्यांचाच. तबकडीवर स्वतःचे नाव न घालता त्यांनी ‘बोनी’ नावाच्या गुप्तहेरावरील ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणी मालिकेवरून नाव उचलले आणि त्याला ‘एम.’ जोडला. गाणे नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये चालले, दूरचित्रवाणीवर दाखवायला माणसे हवी झाली, आणि मग माणसांचा शोध सुरू झाला. १९७६पर्यंत चौघे ठरले : जमैकात जन्मलेल्या लिझ मिचेल व मार्सिया बॅरेट, माँटसेरात या कॅरिबियन बेटावरच्या मेझी विल्यम्स आणि अरुबा या तशाच बेटाचे बॉबी फॅरेल. त्याच वर्षी ‘डॅडी कूल’ जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेले.

तबकड्यांवर गायल्या त्या मिचेल आणि बॅरेट. फॅरेल मंचावर ज्या भरदार आवाजावर ओठ हलवत, तो फॅरियन यांचा होता. मराठी वाचकाला येथे ‘पार्श्वगायन’ हा शब्द सुचेल, आणि तंत्रापुरता तो चपखलही आहे. परंतु आपल्याकडे पार्श्वगायकाचे नाव श्रेयनामावलीत असते आणि नट स्वतः गात नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असते. येथे तो संकेत नव्हता, त्यामुळे हा शब्द वापरल्यास खुलाशाचे एक वाक्य जोडावे. (याच फॅरियन यांच्या ‘मिली व्हॅनिली’ या पुढच्या जोडीने तबकडीवर स्वतः गायलेच नव्हते, हे उघड झाल्यावर १९९०मध्ये तिचा ग्रॅमी पुरस्कार काढून घेण्यात आला.)

आता ‘नृत्यसंगीत’. मराठीत या शब्दाने कथकाच्या साथीचा लेहराही सूचित होऊ शकतो, म्हणून येथे सरळ ‘डिस्को’ म्हणावे. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक मात्रेवर सारख्याच वजनाचा ठोका, त्यावर तंतुवाद्यांची झुळझुळ, स्त्रियांचे समूहगान आणि मध्येच पुरुषी खर्जातली एखादी तुटक ओळ, अशी यांची घडण आहे. चाली मात्र दूरदूरच्या असत. ‘मा बेकर’ची चाल ट्युनिशियातील लोकगीतावरून आली, आणि ‘रासपुतिन’ (रशियाच्या झारच्या दरबारातील वादग्रस्त साधूवरचे गाणे) याची चाल एका जुन्या तुर्की गीताशी इतकी जुळते की दोन्ही लागोपाठ ऐकल्यास वेगळे सांगावे लागत नाही. ‘रासपुतिन’च्या मध्यावर संगीत मागे सरते आणि बातमीपत्र वाचावे तशा कोरड्या सुरात एक पुरुष निवेदन करतो, त्या क्षणी गाणे नाटकाच्या जवळ जाते.

‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ तर मुळात जमैकाच्या ‘मेलोडियन्स’ या गायकगटाचे १९७०चे रेगे (जमैकातील संगीतप्रकार) गीत. शब्द बायबलमधील १३७व्या स्तोत्राचे, पण मेलोडियन्सनी ‘परमेश्वराचे गीत’ या जागी जमैकातील रास्ताफारी पंथाला साजेसा ‘राजा आल्फा’ (म्हणजे त्या पंथाला देवासमान असलेला इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी) घातला होता. बोनी एम.ने तेथे पुन्हा परमेश्वर आणला आणि रेगेची मागे रेंगाळणारी लय सरळ नाचाच्या ठेक्यावर बसवली. पंथाचे गाणे अशा रीतीने सर्वांचे झाले, त्याची धार मात्र गेली, असे माझे मत आहे. १९७८मध्ये ब्रिटनमध्ये ते पाच आठवडे अग्रस्थानी होते आणि तेथेच त्याच्या २० लाखांहून अधिक तबकड्या खपल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गट मॉस्कोत गायला. ‘रासपुतिन’ मात्र तेथे गायले गेले नाही.

मुख्य शब्दाकडे येतो. ‘चमू’ला खेळाच्या मैदानाचा वास आहे. ‘बँड’ बोलण्यात चालेल, पण पुष्कळ मराठी वाचकांना त्याने आधी लग्नाची वरात आठवते. ‘गट’ निर्दोष आहे आणि तितकाच बेचव. वरच्या परिच्छेदांत मीही तो वापरला आहे. माझी पसंती ‘संच’ला आहे. नाटकाच्या जाहिरातीत आपण ‘नव्या संचात’ असे वाचतो : नाटक आणि निर्माता तेच, नटमंडळी बदललेली. बोनी एम.चे नेमके हेच झाले. १९८२मध्ये फॅरेल यांच्या जागी रेजी सीबो आले आणि नाव तेच राहिले. १९८६मध्ये गट थांबला, तरी पुढे जुने सभासद वेगवेगळे साथीदार घेऊन त्याच नावाने कार्यक्रम करीत राहिले.

तेव्हा मूळ वाक्य असे करावे : ‘बोनी एम. हा फ्रांक फॅरियन यांनी जर्मनीत उभा केलेला डिस्को गायक-नर्तकांचा संच होता.’ ‘उभा केलेला’ हे शब्द गाळू नयेत. त्यांच्याविना संच आपोआप जमला असे वाटेल.