पोट मुलाचं दुखतंय, मग आम्हाला का बोलावतात?

प्रिय मावशी,
माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. जूनपासून रोज सकाळी शाळेच्या वेळेला त्याचं पोट दुखतं. रविवारी काही नसतं. सोनोग्राफी, लघवी, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी समुपदेशक ताईंकडे पाठवलं. त्या कधी चित्रं काढायला लावतात, कधी वाळूत खेळवतात, कधी श्वास मोजायला शिकवतात. आता म्हणतात, आईबाबांनीही यायचं. मिस्टरांची कंपनीतली नोकरी सहा महिन्यांपूर्वी गेली. ते म्हणतात, ‘पोट त्याचं दुखतंय, मी कशाला येऊ? आणि त्या बाईंची एक पद्धत धड नाही.’ काय करू?
– एक आई, वाळूज

बाळा,
तुझ्या पत्राच्या मागच्या पानावरचा मजकूर इथे छापला नाही, पण मी तिथेच अडकले. लेकाने घराचं चित्र काढलं. तू, आजी आणि तो स्वयंपाकघरात, आणि बाबा बंद दाराच्या खोलीत, दाराला मोठी कडी. त्या रात्री त्याने तुला विचारलं, ‘आपलं घर विकणार का?’ भिंतीपलीकडे हप्त्यांबद्दल कुजबुजलेलं त्याने सगळं ऐकलंय. पोट त्याचं खरंच दुखतं गं, नाटक नाही ते. धास्तीने मुलांचं पोट खरोखर दुखतं. मोठी माणसं जीव घाबरा होतो म्हणतात, नऊ वर्षांच्या मुलाला तो शब्द सापडत नाही.

आता सांग, एवढं कळल्यावर बाबाला बोलावलं नाही तर त्या ताई काय करणार?

पद्धतींचं म्हणशील तर अशा वेगवेगळ्या पद्धती गरजेप्रमाणे एकत्र वापरण्याला एकात्मिक उपचारपद्धती म्हणतात. मुलं खेळातून बोलतात, म्हणून वाळू आणि चित्रं. सकाळी पोटात गोळा आला की त्याच्या हातात काहीतरी हवं, म्हणून श्वास. मोठ्यांसाठी विचार तपासायची पद्धत असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमाराला मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. ‘नोकरी गेली, म्हणजे मी कुचकामी’ हे वाक्य तिथे उलटंपालटं करून पाहतात. तुझ्या मिस्टरांच्या डोक्यात हेच वाक्य फिरत असणार, असं मला वाटतं.

पण त्यांची शंका अगदीच झटकू नकोस. वेगवेगळ्या गोष्टी मिसळणं सोपं असतं, त्यामागे विचार हवा. ताईंना सरळ विचार: हे का करताय, दोन महिन्यांनी काय बदललेलं दिसायला हवं, तुमचं शिक्षण काय? चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. चिडल्या तर दुसरीकडे जा.

शाळा मात्र सोडवू नकोस. घरी ठेवलं की पोट लगेच थांबतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं. वर्गशिक्षिकेला विश्वासात घे. सुरुवातीला मधल्या सुट्टीपर्यंत बसला तरी चालेल, पण पाय शाळेत पडायला हवा.

मिस्टरांना ‘तुमच्यामुळे झालं’ असं चुकूनही म्हणू नकोस. म्हण, ‘त्याला तुमची गरज आहे, एकदाच चला.’ तेही जमेना तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर दे. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तोंड दाखवावं लागत नाही. आणि तू लिहिलंयस की ते रात्रभर जागे असतात. ‘माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल’ असलं काही ते बोलले, तर समुपदेशनाची वाट पाहू नकोस. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे ने, आणि तोवर त्यांना एकटं सोडू नकोस.

लेकाच्या प्रश्नाचं उत्तर आजच दे, शक्य झालं तर दोघांनी मिळून. बाबांची नोकरी गेली आहे, बाबा दुसरी शोधतायत, हप्त्यांची काळजी आहे पण ती मोठ्यांनी करायची आहे. घराबद्दल खरं असेल तेवढंच सांग. विकायचं ठरलं नसेल, तर तसं स्पष्ट म्हण. तो बहुतेक पुन्हा विचारेल. पुन्हा सांग.
– मावशी