ड्रमशिवाय जॅझ?

प्रश्न : ताई, काही जॅझ अल्बममध्ये नुसता पियानो आणि सॅक्सोफोन. ना ड्रम, ना बास (खर्जातलं तंतुवाद्य). मग ताल कोण धरतं? आणि यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतही असतं म्हणतात, ते काय?

उत्तर : ताल धरतो पियानोवाल्याचा डावा हात. (तीस वर्षं शिकवतेय, माझा अजून आळशीच आहे!) सॅक्सोफोनवर ब्रॅनफर्ड मार्सालिस आणि पियानोवर जोई काल्डेराझ्झो, यांचा २०११चा अल्बम ‘साँग्ज ऑफ मर्थ अँड मेलन्कली’ हेडफोन लावून ऐका. शास्त्रीय म्हणाल तर त्यात जर्मन संगीतकार ब्राम्सचं ‘डी ट्राउअर्न्डे’ हे गीत आहे, मुळात गळ्यासाठी लिहिलेलं. गाणाऱ्याची जागा सॅक्सोफोन घेतो. शब्द नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त श्वासावर. सूर कुठे सोडायचा, एवढंच हातात. बाकीच्या बहुतेक रचना दोघांच्या स्वतःच्या. त्यांत आधी लिहिलेलं कुठे संपलं नि आयत्या वेळचं कुठे सुरू झालं, ते मला दुसऱ्यांदा ऐकतानाही पकडता आलं नाही.