साउनाची पाळी आणि आपला भरगच्च शनिवार-रविवार

फिनलंडमध्ये हेलसिंकी, एस्पो किंवा तांपेरे येथे नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या हिवाळ्यात एक प्रश्न हमखास पडतो. जागतिक आनंद अहवालात २०१८ ते २०२५ या काळात दरवर्षी पहिला क्रमांक मिळवणाऱ्या या देशात बसमधला शेजारी बोलत नाही, लिफ्टमध्ये कोणी हसत नाही आणि डिसेंबरात हेलसिंकीला दिवसाचा उजेड सहा तासही टिकत नाही. मग हे लोक आनंदी कसे? क्रमांक कसा ठरतो हे पाहिले की कोडे बरेचसे सुटते. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी मनात आणून आपले आयुष्य सध्या कोणत्या पायरीवर आहे, एवढेच लोकांना विचारले जाते. दिवसभरात कोण किती हसले, याचा त्या क्रमांकाशी संबंध नसतो.

आनंदी व्हायचे तर फिनिश लोकांच्या सवयी उचलाव्यात, असे म्हटले जाते; पण या समाधानाचा मोठा भाग सवयींतून येत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. शाळेतले दुपारचे मोफत जेवण १९४८ पासून मिळते, आजारपणात आणि बेकारीत सरकारचा आधार असतो, आणि हरवलेले पाकीट परत मिळेल अशी लोकांची सर्वसाधारण खात्री असते. कामाच्या परवान्यावर राहणाऱ्या आणि नोकरी गेल्यास काही महिन्यांत दुसरी शोधण्याची धास्ती बाळगणाऱ्या कुटुंबाला ही निश्चिंती कोणत्याही सवयीने मिळणार नाही, आणि ती मिळत नाही म्हणून त्याने स्वतःला दोष देण्याचेही कारण नाही. मेणबत्त्या आणि लोकरी पांघरुणे विकत आणून तर काहीच साधत नाही. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. फिनिश लोकांच्या सुखाच्या पुष्कळ सवयींना ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा असते, आणि ती वेळ दुसऱ्या कशासाठी सहसा मोडली जात नाही.

साउनाचेच, म्हणजे भट्टीने तापवलेल्या खोलीत घाम काढत बसण्याच्या स्नानाचेच पाहा. सुमारे ५६ लाख लोकसंख्येच्या या देशात तीसेक लाख साउना आहेत, आणि तेथील साउना संस्कृतीचा युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. अनेक जुन्या इमारतींत सर्वांचा मिळून एक साउना असतो आणि महिन्याकाठी थोडे शुल्क भरून आठवड्यातला एक वार व एक तास आपल्या कुटुंबाच्या नावावर राखून ठेवता येतो. आपली बरीच कुटुंबे ही पाळी घेतच नाहीत. ज्यांच्या न्हाणीघरालगत स्वतःचा छोटा साउना असतो, त्यांच्याकडे तो सुटकेसा, तांदळाच्या पिशव्या आणि गणपतीचे मखर ठेवण्याची खोली होऊन बसतो. सामान ठेवायचेच असेल, तर भट्टीचा फ्यूज आधी बंद करून घ्यावा, कारण चुकून बटण फिरले की अशा खोलीत आग लागते. माझा सल्ला मात्र ते सामान तळघरातल्या कोठीत हलवावे, असाच आहे.

संकोचाचा प्रश्न खरा आहे आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. सार्वजनिक जलतरण तलावांवर स्त्रिया आणि पुरुषांचे साउना वेगळे असतात, आणि तेथे स्वच्छतेच्या कारणास्तव पोहण्याचे कपडे घालून आत जाण्यास सहसा मनाई असते. टॉवेल गुंडाळून बसले तर कोणी वळूनही पाहत नाही. ज्यांना तेही नको वाटते, त्यांच्यासाठी कुटुंबाची स्वतंत्र पाळी हाच सोयीचा मार्ग आहे, कारण दाराआड काय घालायचे हे आपले आपण ठरवायचे असते. आतले तापमान बहुधा ८० अंशांच्या आसपास असते. लहान मुलांना खालच्या बाकावर बसवावे, काही मिनिटांतच बाहेर आणावे आणि भरपूर पाणी पाजावे. भारतातून आलेल्या आईवडिलांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना आग्रह करू नये. मोबाइल त्या उष्णतेत नेता येत नाही, हा मला साउनाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. हिवाळ्यात संध्याकाळी सात वाजता भारतात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, म्हणजे घरच्यांशी बोलण्याची वेळही उलटून गेलेली असते. शुक्रवारी सातची पाळी मिळाली, तर ती सोडू नये.

दुसरी सवय वर्षातून एकदोनदाच येते, पण परक्या माणसाला घरचे करण्यात तिच्याइतकी उपयोगी दुसरी कोणतीही नसावी. एप्रिल-मे महिन्यांत, बर्फ वितळून अंगणात मागच्या वर्षीचा पाचोळा आणि हिवाळ्यात पसरलेली खडी उघडी पडली की इमारतीच्या सूचनाफलकावर ‘तालकोत’ची तारीख लागते. ठरलेल्या दिवशी रहिवासी दाताळी आणि झाडू घेऊन अंगण साफ करतात आणि शेवटी सॉसेज भाजून खातात. कोकणात आणि देशावर इर्जिकीला सारा गाव एखाद्याच्या शेतात उतरत असे आणि मालक सर्वांना जेवू घालत असे, हे ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. उपस्थिती ऐच्छिक असते. तरीही जावे, आणि मुलांना सोबत न्यावे. ज्यांच्याशी वर्षभर ‘मोई’पलीकडे (म्हणजे साध्या नमस्कारापलीकडे) शब्द झालेला नसतो, ते शेजारी हातात काम असले की आपणहून बोलू लागतात. शाकाहारी मंडळींनी स्वतःसाठी मक्याची कणसे न्यावीत आणि चार जास्तच न्यावीत.

कार्यालयातल्या कॉफीच्या सुट्टीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. दर माणशी कॉफीचा खप जगात सर्वाधिक असलेल्या देशांत फिनलंड येतो, आणि तेथे कामाच्या जागी कॉफीची खोली ही बसण्याची जागा असते. कप भरून पुन्हा संगणकापुढे जाऊ नये. दहा मिनिटे बसावे. कोणी काही बोलले नाही, तरी त्यात अवघडण्यासारखे काही नसते.

राहता राहिले रान. येथील कायद्याने जंगल दुसऱ्याच्या मालकीचे असले तरी त्यात पायी फिरण्यास आणि रानफळे वेचण्यास परवानगी लागत नाही. मात्र कोणाच्या घराच्या आवारात किंवा उभ्या पिकात शिरता येत नाही, फांद्या तोडता येत नाहीत आणि मालकाला विचारल्याशिवाय शेकोटी पेटवता येत नाही. जुलैअखेरीस रानातल्या ब्लूबेरी तयार होतात, सप्टेंबरात लाल लिंगनबेरी येतात. अळंबी पहिल्या वर्षी वेचू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन. येथील अत्यंत विषारी पांढरे अळंबे आपल्या बाजारातल्या बटन मशरूमच्या ओळखीवर फसवू शकते, त्यामुळे जाणकार सोबत असल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये. दक्षिण किनाऱ्याजवळच्या उंच गवतात गोचिडी असतात, म्हणून पायजमे मोज्यांत खोचावेत आणि घरी आल्यावर मुलांचे अंग तपासावे.

अडचण अशी, की लिंगनबेरी पिकते त्याच सुमारास मंडळाच्या गणेशोत्सवाचीही धांदल असते, आणि एरवीही मराठी शाळा, वाढदिवस व एकमेकांकडची जेवणे यांत शनिवार-रविवार संपून जातात. आपली माणसे भेटणे सोडावे, असे मी कदापि म्हणणार नाही. तरी सवय जोडायची असेल, तर आधी काहीतरी वजा करावे लागते. मंडळाच्या कार्यकारिणीला त्या दिवसांतला एक रविवार तालमीविना ठेवण्याची विनंती करावी आणि जमेल त्या कुटुंबांनी मिळून एस्पोजवळच्या नूक्सिओ राष्ट्रीय उद्यानाची बस पकडावी; पोळीभाजीचे डबे आणि बेरी ठेवायला झाकणाची भांडी मात्र घरूनच न्यावीत.